कॉम्प्युटर व्हायरस म्हणजे काय आणि तो पसरतो कसा?

शून्यएक (धागाकर्ता)

कॉम्प्युटर मंदावला, फाइल उघडेना, पडद्यावर नको त्या जाहिराती येऊ लागल्या की आपण म्हणतो, "व्हायरस शिरलाय". आणि लगेच पुढचा प्रश्न, काय काय उडालं? मला वाटतं त्याआधी दुसरंच विचारायला हवं: याला चालायला कुठे मिळालं? व्हायरसविषयीचं जवळजवळ सगळं या एका प्रश्नापाशी येऊन थांबतं. तेवढ्यासाठी हा धागा.

व्हायरस हा एक प्रोग्रॅमच. बाकीच्या प्रोग्रॅमसारख्याच त्यात सूचना असतात, फक्त त्यांतली एक सूचना स्वतःची प्रत दुसरीकडे चिकटवण्याची असते. नुकसान करणं हा वेगळा भाग. तो असतोच असं नाही, सुरुवातीचे कित्येक व्हायरस नुसतेच पसरत असत. डिस्कवर पडून राहिलेली बाधित फाइल कुणाचं काही बिघडवत नाही. प्रोसेसरने तिच्यातल्या सूचना पाळायला घेतल्या की मगच खेळ सुरू होतो. आणि प्रोसेसरला चांगली सूचना कोणती, वाईट कोणती हे कळायचा काही मार्ग नाही. मेमरीत तुमचं पत्र, फोटो, हिशेबाचा प्रोग्रॅम सगळं आकड्यांच्याच रूपात असतं. इथून पुढचे आकडे सूचना म्हणून वाच असं सांगितलं की तो वाचतो. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राची मांडणी जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ मध्येच व्याख्यानांतून केली होती, म्हणजे व्हायरस लिहिला जाण्याच्या कितीतरी आधी.

आता फ्लॉपीच्या काळाकडे येतो, कारण पसरण्याची रीत तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. कॉम्प्युटर चालू केला की तो आधी डिस्कचा अगदी पहिला भाग वाचतो. हा बूट सेक्टर. त्यात जे असेल ते विनाचौकशी चालवतो. १९८२ मध्ये रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या मुलाने ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी 'एल्क क्लोनर' लिहिला, तो याच जागी बसायचा. त्या फ्लॉपीवरून मशीन सुरू झालं की तो मेमरीत ठाण मांडे आणि नंतर घातलेल्या प्रत्येक स्वच्छ फ्लॉपीवर उतरे. दर ५० व्या वेळी पडद्यावर एक कविता दाखवायचा. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी आयबीएम पीसीसाठी 'ब्रेन' लिहिला. त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. ब्रेनची करामत अशी की तो मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवून ठेवायचा, आणि कुणी बूट सेक्टर तपासायला गेलं की ती मूळ प्रतच पुढे करायचा. तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसे.

इथे एक बारकावा आहे, तो फार जणांच्या ध्यानात येत नाही. "माझ्या फ्लॉपीवर एकही प्रोग्रॅम नाही, नुसत्या पत्रांच्या फाइल्स आहेत" असं लोक म्हणायचे. पण प्रत्येक फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर बूट सेक्टर असतोच. संध्याकाळी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये राहिली, सकाळी मशीन चालू केलं, 'नॉन-सिस्टीम डिस्क' असा संदेश आला, फ्लॉपी काढून पुन्हा सुरू केलं. काहीच झालं नाही असं वाटतं. पण तो संदेश दाखवतो कोण? बूट सेक्टरमधला प्रोग्रॅमच. म्हणजे संदेश दिसेपर्यंत तो चालून झालेला असतो, आणि तिथे व्हायरस असेल तर तोही चालून झालेला असतो. हार्ड डिस्कवर उतरायला त्याला तेवढा वेळ पुरतो.

प्रोग्रॅमच्या फाइलला चिकटणाऱ्यांचं तंत्र वेगळं. व्हायरस स्वतःला फाइलच्या शेवटी जोडतो आणि सुरुवातीच्या काही बाइट बदलून तिथे "आधी शेवटाकडे जा" अशी उडी लिहितो. फाइल उघडली की पहिल्यांदा व्हायरस चालतो, आपलं काम उरकतो, आणि मग मूळ प्रोग्रॅमच्या हाती कारभार देतो. वापरणाऱ्यासमोर नेहमीचाच प्रोग्रॅम नेहमीसारखाच उघडतो. डॉस या विंडोजपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फाइल उघडणं-चालवणं एकाच ठरावीक सेवेतून होत असे. मेमरीत राहणारे व्हायरस त्या सेवेच्या वाटेवर बसायचे, आणि मग तुम्ही जो जो प्रोग्रॅम चालवाल तो तो बाधित होत जायचा.

सध्या इथे थांबतो. प्रश्न विचारा, त्यातून पुढे जाऊ.

रानजाई

फार छान सुरुवात. बूट सेक्टरचं पहिल्यांदाच नीट कळलं.

माझा प्रश्न रोजचा आहे. फोटो उघडल्याने व्हायरस येतो का? "अमुक नावाचा फोटो आला तर उघडू नका, फोन हॅक होईल" असे मेसेज सतत फिरत असतात. तुमच्या म्हणण्याप्रमाणे फोटो म्हणजे प्रोग्रॅम नाही, मग तो चालेल कसा?

शून्यएक

रानजाई, प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. सरळ उत्तर: फोटो स्वतः चालत नाही, पण फोटो दाखवणारा प्रोग्रॅम चालत असतो. त्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल तर मुद्दाम वेडीवाकडी रचलेली फाइल त्याला फसवू शकते. समजा त्याने १०० बाइटची जागा राखून ठेवली आहे आणि फाइलमधून त्याहून जास्त मजकूर आला. लांबी तपासली नाही तर उरलेला मजकूर शेजारच्या मेमरीवर सांडतो. तिथे "पुढे कुठून चालवायचं" हा पत्ता लिहिलेला असेल, तर तो पत्ताच बदलतो आणि मजकुराचा प्रोग्रॅम होतो.

हे कागदावरचं नाही. २००४ मध्ये विंडोजच्या जेपेग दाखवणाऱ्या भागात अशी चूक सापडली होती. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या 'स्टेजफ्राइट' या लायब्ररीत सापडली, तिथे मल्टिमीडिया मेसेज नुसता आला तरी पुरत होतं. २०२१ मध्ये सिटिझन लॅबच्या अभ्यासकांनी आयफोनवरचा 'फोर्स्डएंट्री' हल्ला उघड केला. त्यात नाव जिफचं, आतमध्ये पीडीएफ, आणि कुणीही काहीही न दाबता फोन ताब्यात.

तरीही अमुक नावाच्या फोटोवाले जे मेसेज फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. नावाने काही होत नसतं. वरच्या प्रकारच्या चुका सापडल्यावर बुजवल्या जातात, फोन अपडेट केलेला असेल तर तुमच्यासाठी ते दार बंद झालेलं असतं. न बुजलेल्या चुका फार मोलाच्या असतात, त्या सरसकट सगळ्यांवर उधळल्या जात नाहीत.

कळफलक

मी बरीच वर्षं कार्यालयांमधले पीसी सांभाळतो, त्यामुळे वर्डच्या मॅक्रो व्हायरसबद्दल लिहितो. १९९५ पर्यंत आम्ही सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो की डॉक्युमेंटमधून व्हायरस येत नाही. त्या वर्षी 'कन्सेप्ट' आला आणि ते सांगणं बंद करावं लागलं. वर्डच्या फाइलमध्ये मॅक्रो, म्हणजे छोटे प्रोग्रॅम ठेवायची सोय होती, आणि काही मॅक्रो फाइल उघडताच आपोआप चालत. कन्सेप्ट वर्डच्या मूळ टेम्प्लेटमध्ये जाऊन बसायचा, मग त्या मशीनवर सेव्ह केलेली प्रत्येक फाइल त्याची वाहक व्हायची. कार्यालयात प्रोग्रॅमची देवाणघेवाण कितीशी होते? डॉक्युमेंटची दिवसभर चालू असते. पसरण्याच्या दृष्टीने त्याला याहून चांगलं वाहन मिळालं नसतं.

मार्च १९९९ मधल्या 'मेलिसा'ने त्याला ईमेल जोडला. फाइल उघडली की आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांना तीच फाइल रवाना. ४ मे २००० ला 'आय लव्ह यू' आला, फिलिपिन्समधून. अटॅचमेंटचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवून ठेवत असल्यामुळे शेवटचं व्हीबीएस, म्हणजे ही फाइल प्रोग्रॅम आहे हे सांगणारी खूण, बऱ्याच जणांना दिसायचंच नाही, साधी टेक्स्ट फाइल वाटायची. हा पहिल्या ५० वर थांबला नाही, सगळ्या पत्त्यांना गेला. असा प्रोग्रॅम लिहिणं हा गुन्हा ठरवणारा कायदा तेव्हा तिथे नव्हता, त्यामुळे संशयितावर खटला उभा राहू शकला नाही.

मी लोकांना आजही एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. "ओळखीच्या माणसाकडून आलंय" हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. हे सगळे पसरले ते ओळखीच्याच पत्त्यांवरून.

आगंतुक

कळफलक यांना अनुमोदन. मॅक्रो अजूनही येतात का?

कळफलक

येतात, पण कमी झालेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या ऑफिस फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली. एखादी फाइल "कंटेंट एनेबल करा" असं मोठ्या अक्षरांत विनवत असेल तर ती विनंती वर्डची नसते, फाइल पाठवणाऱ्याने आतमध्ये टाकलेलं ते चित्र असतं.

तिरकीरेघ

धागा वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. "हे उघडलं म्हणून झालं, ते दाबलं म्हणून झालं" या सांगण्यात सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी जातो. मी सर्व्हर सांभाळतो. काहीही न उघडता, कुणीही खुर्चीत बसलेलं नसताना मशीन बाधित होतात. त्याबद्दल का लिहीत नाही?

मॉरिस वर्म घ्या. २ नोव्हेंबर १९८८, कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एमआयटीतून सोडला. कुणी फ्लॉपी घातली नाही की अटॅचमेंट उघडली नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, ईमेल पोहोचवणाऱ्या 'सेंडमेल'मध्ये डीबगिंगसाठीची सोय उघडी राहिली होती, 'फिंगर' सेवेत वर सांगितली तशी मजकूर सांडण्याची चूक होती, आणि वर सोपे पासवर्ड. समोरचं मशीन आधीच बाधित असेल तर तो पुन्हा उतरणार नाही असा विचार मॉरिसने केला होता. पण कुणी "मी आधीच बाधित आहे" असं खोटं उत्तर द्यायला मशीन शिकवलं तर वर्म अडेल, म्हणून दर सातांतल्या एका वेळी तो उत्तर कसंही आलं तरी उतरायचा. त्या एका निर्णयाने मशीनवर प्रतींवर प्रती चढत गेल्या आणि ती बसली. तेव्हाच्या नेटवर्कवर सुमारे ६०,००० मशीन होती, त्यांतली अंदाजे ६,००० बाधित झाली असं धरतात.

आणि २५ जानेवारी २००३ चा 'स्लॅमर'. सगळा प्रोग्रॅम ३७६ बाइटचा, नेटवर्कवरून जाणाऱ्या एका यूडीपी पाकिटात मावणारा! ते पाकीट मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या १४३४ पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या दारावर, आलं की काम झालं. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना बाधित मशीनची संख्या दुप्पट होत होती, आणि दहा मिनिटांत गाठता येण्याजोग्यांपैकी ९० टक्के गाठून झाली होती. यात कुणी काय उघडलं?

शून्यएक

तिरकीरेघ, तुमचा विरोध मला मान्य आहे, आणि तो या धाग्यात यायलाच हवा होता. दोष वापरणाऱ्याचा, असं मला अजिबात म्हणायचं नाही. सूचना चालल्याशिवाय पसरणं नाही, इतकंच माझं म्हणणं आहे. त्या चालवणारा माणूस असेल किंवा नेटवर्कवर कान लावून बसलेली एखादी सेवा असेल. पहिल्या प्रकाराला सहसा व्हायरस म्हणतात, दुसऱ्याला वर्म.

तुमच्या स्लॅमरला एक जोड देतो. त्याची चूक बुजवणारा पॅच जुलै २००२ मध्येच आला होता, सहा महिने आधी. मग इतकी मशीन उघडी का राहिली? पॅच बसवायला किचकट होता हे एक कारण. आणि त्या डेटाबेसची छोटी आवृत्ती इतर अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात गुपचूप बसवलेली असायची. आपल्या मशीनवर ती सेवा चालू आहे हेच मालकाला माहीत नसेल तर तो पॅच करणार कशाला?

स्लॅमर डिस्कवर काहीच लिहीत नव्हता, फक्त मेमरीत राहायचा. मशीन बंद करून चालू केलं की गेला. पण पॅच न करता नेटवर्कला जोडलं की थोड्याच वेळात पुन्हा आला. "साफ केला तरी परत येतो" ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. व्हायरस काढणं आणि तो ज्या वाटेने आला ती बंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं राहिलं की पहिलं वाया जातं.

तिरकीरेघ

हे मान्य. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या 'वॉनाक्राय' वर्मचंही तेच. १२ मे २०१७ ला तो दीडशेच्या आसपास देशांत पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पॅच १४ मार्चला आला होता. पण रुग्णालयातल्या तपासणीच्या यंत्राला जोडलेला जुना पीसी कधी बंद करायचा, कोणी करायचा, नंतर यंत्र चाललं नाही तर जबाबदारी कुणाची, हे ठरवणं सोपं नसतं. बाहेरून "अपडेट का केलं नाही" विचारणाऱ्यांनी हेही पाहावं एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

दीपस्तंभ

पेनड्राइव्हच्या व्हायरसबद्दल कुणीतरी सांगा ना. पेनड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले असतात. फाइल्स गेल्या समजून लोक थेट फॉरमॅट मारतात. खरंच जातात का त्या?

कळफलक

दीपस्तंभ, फॉरमॅट मारू नका! फाइल्स बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. तो व्हायरस तुमच्या खऱ्या फोल्डरना 'हिडन' करतो आणि त्याच नावाचे, फोल्डरचंच चित्र असलेले शॉर्टकट तयार करतो. तुम्ही शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरं फोल्डरही उघडतं, त्यामुळे शंका येत नाही. स्वच्छ मशीनवर 'हिडन फाइल्स दाखवा' केलं आणि काही क्लिक न करता नुसतं पाहिलं तर खरी फोल्डर दिसतात. दिसली नाहीत तर 'प्रोटेक्टेड सिस्टीम फाइल्स लपवा' हा पर्यायही काढा. मग हवं ते बाहेर कॉपी करून घ्या, आणि त्यानंतर खुशाल फॉरमॅट करा.

याआधी ऑटोरनचा काळ होता. पेनड्राइव्ह लावला की त्यातल्या एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम सुरू व्हायचा. २००८ चा 'कॉन्फिकर' तिथे फार चलाख होता. पेनड्राइव्ह लावल्यावर पर्यायांची जी चौकट येते, तिच्यात त्याने आपलाही एक पर्याय घुसवला, फोल्डरचं चित्र आणि "फाइल्स पाहण्यासाठी फोल्डर उघडा" हेच शब्द वापरून. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटमधून जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं, तेव्हा ही वाट आटली.

इंटरनेटला न जोडलेलं मशीन सुरक्षित, असं समजणाऱ्यांसाठी 'स्टक्सनेट' या वर्मची आठवण करून देतो. इराणमधल्या नतान्झच्या युरेनियम केंद्रातली नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली होती, तरी तो आत पोहोचला. पेनड्राइव्हवरून पसरण्याची सोय त्यात होती. २०१० मध्ये तो उघडकीला आला तेव्हा कळलं की फोल्डर नुसतं उघडून शॉर्टकटचं चित्र पडद्यावर दिसलं तरी त्याला चालायला मिळत होतं.

रानजाई

हे सगळं वाचून वाटतं की चांगला अँटिव्हायरस घेतला की झालं. तो सगळे पकडत नाही का?

शून्यएक

नाही पकडत, आणि पकडू शकणारही नाही. याची सिद्धता आहे. 'कॉम्प्युटर व्हायरस' या विषयावर फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये निबंध वाचला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. समजा कधीच न चुकणारा तपासनीस प्रोग्रॅम बनला. मी एक प्रोग्रॅम लिहितो, जो त्या तपासनीसालाच आत घेतो आणि विचारतो, "मी व्हायरस आहे का?" तो "हो" म्हणाला तर माझा प्रोग्रॅम काहीच करत नाही, "नाही" म्हणाला तर पसरतो. म्हणजे तपासनीस काहीही म्हणाला तरी चुकतो. मला हा युक्तिवाद फार आवडतो, इतक्या मोठ्या प्रश्नाचा निकाल चार ओळींत लागतो.

व्यवहारात अँटिव्हायरस ओळखीच्या व्हायरसमधले ठरावीक बाइट शोधतो. व्हायरस लिहिणाऱ्यांनी त्यावर तोड काढली: प्रत्येक प्रतीत वेगळ्या किल्लीने स्वतःला कूटबद्ध करायचं, म्हणजे दोन प्रती सारख्या दिसतच नाहीत. मग अँटिव्हायरसवाले संशयित प्रोग्रॅम बंदिस्त जागेत चालवून त्याचं वागणं पाहू लागले. ही चढाओढ चालूच आहे. अँटिव्हायरस असावा, विंडोजमध्ये आता तो सोबतच येतो आणि घरगुती वापराला चालतो. पण त्याने हिरवी खूण दाखवली म्हणजे फाइल निर्दोष, असं नाही.

आगंतुक

लिनक्स आणि मॅकवर व्हायरस येत नाहीत हे खरं का?

तिरकीरेघ

खरं नाही. मॉरिस वर्म युनिक्सवरचाच, आणि लिनक्स, मॅक त्याच घराण्यातले. २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने सहा लाखांच्या आसपास मॅक बाधित केले, जावातल्या चुकीतून. २०१६ च्या 'मिराय'ने लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर धरले, कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. राउटरचा पासवर्ड बदलला नसेल तर आजच बदला.

दीपस्तंभ

आणि फोनवर? हल्ली एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल येते, बँकेच्या नाहीतर पार्सलच्या नावाने.

शून्यएक

ते बहुतेक ट्रोजन असतात, म्हणजे एक काम सांगून दुसरंच करणारे प्रोग्रॅम. तुम्ही स्वतःच बसवता. पण पसरण्याची सोयही कधी असते. २०२१ मध्ये 'फ्लूबॉट' पार्सलच्या एसएमएसमधून यायचा आणि बसवला की फोनमधले नंबर गोळा करून पुढचे एसएमएस पाठवायला वापरायचा. मेलिसाचीच रीत, फक्त ईमेलच्या जागी एसएमएस. असे ॲप 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतात. ती मिळाली की ॲपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. ज्यांना दिसायला किंवा हात वापरायला अडचण आहे त्यांच्यासाठी ही सोय केलेली आहे. पार्सलच्या ॲपला तिची गरज नाही.

कळफलक

एक शंका मलाच विचारायची आहे, कारण लोक मला विचारतात. आपण सगळे "अपडेट करा" म्हणतो. पण जून २०१७ चा 'नॉटपेट्या' तर अपडेटमधूनच आला! युक्रेनमधल्या करांच्या हिशेबाच्या 'एम-ई-डॉक' सॉफ्टवेअरच्या अपडेट सर्व्हरवरून. मग लोकांना काय सांगायचं?

तिरकीरेघ

हेच सांगायचं की अपडेट करा आणि बॅकअप ठेवा, दोन्ही. अपडेटमधून बाधा होण्याचे प्रसंग मोजके, अपडेट न केल्याने झालेले अगणित. पण नॉटपेट्याचा धडा बॅकअपबद्दल आहे. मर्स्क या जहाज कंपनीला त्यात ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कवरची सगळी खाती आणि परवानग्या ज्या सर्व्हरांवर असतात, त्यांच्या प्रती एकमेकींशी सतत जुळवल्या जात होत्या, म्हणून त्या सगळ्या एकदमच गेल्या. एक तेवढी वाचली, घानामधल्या कार्यालयातली. तिथे वीज गेल्यामुळे तो सर्व्हर त्या वेळी नेटवर्कवर नव्हता.

म्हणून सतत जोडलेली हार्ड डिस्क हा बॅकअप धरू नका. मशीनला जे दिसतं ते व्हायरसलाही दिसतं.

दीपस्तंभ

मग मशीन बाधित झाल्याचा संशय आला तर पहिल्यांदा काय करायचं? आमच्याकडे सगळे आधी बॅकअपची डिस्क लावायला धावतात.

कळफलक

तेच करायचं नाही. आधी नेटवर्क तोडा, वायर काढा, वायफाय बंद करा. बॅकअपची डिस्क त्या मशीनला अजिबात लावू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून, आणि ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात. दुसऱ्या मशीनवर बनवलेल्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून जुनी पार्टिशन काढून सिस्टीम नव्याने टाका, सगळे अपडेट घ्या, आणि डिस्क त्यानंतर लावा. डिस्कवरून कागदपत्रं आणि फोटो परत घ्या. प्रोग्रॅमच्या फाइल्स मात्र तिथून घेऊ नका, त्या मूळ जागेवरून पुन्हा उतरवा.